आठवणींच्या गाण्यात आजीचे नाव

बालपणाच्या आठवणींवर गाणी रचण्याची सध्या मोठी लाट आलेली दिसते. मुंबई, पुणे, बंगळूर, कोची अशा शहरांतील तरुण मंडळी तिघे-चौघे मिळून बँड उभारतात, चित्रपटाचा किंवा मोठ्या कंपनीचा आधार न घेता स्वतःची चाल स्वतः बांधतात आणि एकेक गाणे सुटे प्रसिद्ध करतात. ते गाणे त्याच दिवशी पाटोद्याच्या, केजच्या, धारूरच्या मुलाच्या मोबाइलवर येऊन पोहोचते. या गाण्यांचा विषय पुष्कळदा एकच असतो : सरलेले बालपण. उन्हाळ्याची सुट्टी, आजोळचा वाडा, अंगणातला आंबा, बर्फाचा गोळा, पावसात सोडलेली कागदाची होडी आणि शेवटी, ते दिवस आता परत येणार नाहीत, ही हुरहूर. सूर गोड असतात, आवाज कोवळे असतात. आमच्या संस्थेतून शिकून गेलेली आणि आज पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलेही ही गाणी आवडीने ऐकतात. त्यात गैर काही नाही. दिवसभर राबून खोलीवर परतलेल्या माणसाला चार घटका लहान व्हावेसे वाटले, तर त्याला दोष कोण देईल?

परंतु संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. या गाण्यांतील बालपण नेमके कोणाचे? मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आगीनगाडीत बसून मामाच्या गावाला जाण्याचे गाणे घोकले. परळी हे जुने जंक्शन. तेवढा भाग सोडला तर बीड जिल्ह्यातील बहुतेक मुलांनी ते गाणे रेल्वे न पाहताच म्हटले. बीड शहरात प्रवासी गाडी आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे आपल्या आई-बापांनी, आपण आणि आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या बालपणाचे गाणे आपले म्हणून गायिले. गाताना आनंद झाला, हेही खरे. मात्र त्यामुळे एक समज नकळत रुजला : गाण्यात येण्याजोगे बालपण दुसरीकडेच कोठेतरी असते, आपले ते विसरण्याजोगे.

आपले बालपण कसे होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे गावाबाहेर पडत. पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाची कोपी उभी राही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची गणतीसुद्धा हत्याराच्या नावाने. पहाटेच्या काळोखात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढे विकून चार पैसे जोडायचे, एक दिवस जरी अंथरूण धरले तरी खाडा भरायचा. लेकरे एक तर कोपीच्या दारात धाकट्या भावंडाला सांभाळत बसत, नाही तर गावी आजीपाशी राहत. शिक्षणाची वाट ज्यांना सापडली, ती पत्र्याची पेटी घेऊन आमच्या संस्थेसारख्या निवासी शाळेत आली. सकाळची घंटा, त्रिसरण-पंचशील, रांगेतले ताट, रविवारी फाटकाकडे लागलेले डोळे आणि हंगाम संपल्यावर उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी भेटीस आलेली आई, हे आपले बालपण. चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री वस्तीतल्या कर्ण्यावर लागलेली भीमगीते, हा त्यातील सणाचा सूर. आणि आई-बाप फडात असताना ज्या म्हातारीने आपल्याला वाढविले, तिच्या तोंडची गाणी, हा त्यातील रोजचा सूर.

या बालपणाचे गाणे व्हावे काय? आपल्याच घरातून याला दोन बाजूंनी विरोध होतो. वडीलधारी माणसे म्हणतात, ‘जे भोगले ते भोगले, आता ते उकरून काय मिळवायचे?’ या म्हणण्यामागे केवळ लाज नाही, विचारही आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला होता. जे खेडे इतरांना आजोळ वाटते, ते आपल्या पूर्वजांसाठी वेशीबाहेरची वस्ती होते. त्या खेड्यासाठी गळा काढणे आपल्याला शोभणार नाही, हे आम्हांसही मान्य आहे. दुसरीकडे तरुण म्हणतात, ‘दुःखाची गाणी कोण ऐकणार? लोकांना हलकेफुलके हवे असते.’

या दोन्ही आक्षेपांना उत्तर देताना आम्हांस एका शब्दाचा आधार घ्यावासा वाटतो. पाली भाषेत ‘सति’ हा शब्द जागरूकतेसाठी येतो आणि आठवण या अर्थानेही येतो. आपण त्यालाच स्मृती म्हणतो. अष्टांगिक मार्गातील सम्मासति आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. हुरहूर ही गेलेल्या काळाला मिठी मारू पाहते; स्मृती त्या काळाकडे डोळे उघडे ठेवून पाहते. हुरहुरीला फक्त गोड तेवढेच हवे असते. स्मृती गोड, कडू, श्रम, भीती, माया सारे जागच्या जागी ठेवते. आमचे म्हणणे एवढेच की, बालपणाचे गाणे व्हावे. पण ते स्मृतीचे व्हावे.

असे गाणे हलकेफुलके नसेल तर टिकणार नाही, ही भीती निराधार आहे. ‘थेरीगाथा’ या ग्रंथात बुद्धकाळातील भिक्खुणींच्या त्र्याहत्तर गाथा आहेत. पुण्णिका ही पूर्वी पाणी वाहणारी दासी होती. मालकिणींच्या माराच्या धाकाने थंडीतही आपल्याला पाण्यात उतरावे लागे, हे ती आपल्या गाथेत सांगते. मुत्ता आनंदाने गाते, कारण उखळ आणि मुसळ यांतून ती सुटली आहे. ‘थेरगाथे’तील सुमंगल हा भिक्खू विळा, नांगर आणि कुदळ यांतून सुटल्याचा हर्ष व्यक्त करतो. ज्या मुलाच्या घरात कोयता आहे, त्याला हा हर्ष समजावून सांगावा लागत नाही. हातातल्या हत्याराची, कामाच्या ओझ्याची आठवण हीच येथे गाण्याची सामग्री झाली आणि ती दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली.

याच ग्रंथात आणखी एक गोष्ट मनाला लागते. पुण्णिकेचे नाव उरले, मुत्तेचे उरले. पण मुसळातून सुटल्याचे सांगणारी आणखी एक थेरी आहे, तिचे नाव उरले नाही. ग्रंथ तिला ‘सुमंगलमाता’ म्हणतो. मुलाचे नाव कळले, आईचे हरवले. आणि थेरीगाथेतील पहिलीच गाथा ‘कोणी एक थेरी’ एवढ्याच ओळखीने आपल्यापर्यंत आली आहे. शब्द वाचले, पण बोलणारी हरपली. आठवणींच्या गाण्यांबाबत आमची खरी चिंता हीच आहे.

ही चिंता जुन्या ग्रंथांपुरती नाही. मार्च २०२१ मध्ये तामिळ भाषेतील ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे प्रसिद्ध झाले. चित्रपटातले नसूनही ते देशभर गाजले. आपल्याकडच्या वरातींतही वाजले. ढी आणि अरिवु यांनी ते गायिले, संतोष नारायणन यांनी संगीत संयोजन केले. अरिवु हा ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या चेन्नईच्या बँडमधून पुढे आलेला तरुण कवी-गायक. या बँडचे नाव पंडित अयोथी दास यांच्या विचारातून घेतलेले आहे. त्याच अयोथी दासांनी १८९८ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, मद्रासेत बौद्ध संघटना उभारली होती. ‘एन्जॉय एन्जामी’चे बीज अरिवुची आजी वल्लीअम्माळ हिच्या आयुष्यात आहे. भूमिहीन तामिळ मजूर पिढ्यान्‌पिढ्या श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबले, आणि १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर त्यांच्यातील लाखोंना ती भूमी सोडून परत यावे लागले. वल्लीअम्माळ अशाच राबणाऱ्यांतली. ज्यांनी बाग लावली त्यांच्या पदरी काहीच पडले नाही, ही तिची सल नातवाने लहानपणापासून ऐकली आणि ठेक्यावर नाचणाऱ्या गाण्यात गुंफली. ऐकणारा आधी नाचतो, मग अर्थ विचारतो, आणि अर्थ कळला की थबकतो. स्मृतीचे गाणे लोकांना नको असते, असे म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

पण या गाण्याची पुढची कथाही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाने या गाण्याची दखल घेताना मुखपृष्ठावर इतर कलावंतांना स्थान दिले आणि अरिवु त्यावर नव्हता. त्यावर मोठी टीका झाली. पुढे २०२२ मध्ये चेन्नईतील बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे त्याच्या अनुपस्थितीत सादर झाले, तेव्हा श्रेयाविषयी संबंधितांची वेगवेगळी म्हणणी जाहीरपणे पुढे आली. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही त्यातून एवढाच धडा घेतो : आजीच्या आठवणीतून निघालेले गाणे जगभर गाजू शकते, आणि गाजत असतानाच ते ज्याच्या घरातून निघाले त्याचे नाव मागे सरू शकते. त्या नातवापाशी आवाज होता, म्हणून त्याला बोलता तरी आले. ज्या आजीचा नातू गायक नाही, तिचे काय?

आपल्या मराठी परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव येते. त्याला आपण मुद्रा म्हणतो. तुकोबांची मुद्रा आहे, नामदेवांची आहे, चोखोबांचीही आहे. सोयराबाईने तर स्वतःच्या नावाऐवजी आपण चोख्याची कोण, हे जातीसह सांगणारी मुद्रा लावली. तिच्या नावाभोवतीचा सारा काळ त्या दोन शब्दांत उभा राहतो. हीच रीत लोककवी वामनदादा कर्डक यांनी पाळली. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या आणि २००४ मध्ये निवर्तलेल्या या कवीने गावोगाव फिरून हजारो गीते लिहिली, आणि गीताच्या शेवटी ‘वामन’ ही मुद्रा ठेवली. कॅसेटच्या वेष्टनावर कवीचे नाव छापले न छापले, तरी गाणाऱ्याला ते गावेच लागते. ज्याच्याजवळ जमीन नाही, छापखाना नाही, वकील नाही, त्याने आपली मालकी गाण्याच्या आतच नोंदवून ठेवली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यापासून आजच्या तरुण गायकांपर्यंत ज्यांनी भीमगीते घराघरांत नेली, त्यांच्या आवाजासोबत कवीचे नावही जिवंत राहिले, याचे श्रेय या मुद्रेला आहे.

जात्यावरच्या ओवीला मात्र मुद्रा नसते. ती कोणा एकीची नसते, असे म्हणतात. पण प्रत्येक ओवी कोणा एकीच्याच तोंडून निघालेली असते. पहाटे दळताना तिने ती रचली, जावेने उचलली, लेकीने सासरी नेली आणि नाव वाटेत गळून पडले. यावर ज्यांनी उपाय केला, त्यांचे ऋण बीड जिल्ह्याने विशेष मानले पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामार्फत त्या ध्वनिमुद्रणांसह सर्वांसाठी खुल्या झाल्या. १९९६ मध्ये हे काम माजलगावच्या भीमनगरात येऊन पोहोचले. तेथे राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे यांनी बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, बुद्धावरच्या ओव्या गायिल्या. पुढे बीडचे नाव निघाले की दुष्काळाचे आणि कोयत्याचे आकडे बाहेर येतात. भीमनगरच्या या बायांनी त्याच मातीतून काय घडविले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या संग्रहाचा खरा मोठेपणा आम्हांस ओव्यांच्या संख्येत दिसत नाही. ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तालुका नोंदविला गेला, यात तो आहे. नोंदणाऱ्यांनी ओवीला बाहेरून मुद्रा दिली. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एवढी काळजी घेतली असती, तर सुमंगलमातेचे नाव आज आपल्याला ठाऊक असते.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. आपल्या मुलांनी बालपणाची गाणी जरूर करावीत. गिटारीवर करावीत, ढोलकीवर करावीत, रॅपमध्ये करावीत. ‘धम्म विंग्ज’सारखा मुंबईचा बँड बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉक संगीतात मांडतो, तेव्हा परंपरा बाटली असे आम्ही मानीत नाही. जलशाने तमाशाचा बाज उचलला होता, भीमगीताने कव्वालीचा उचलला. ज्या काळी जे वाद्य लोकांच्या कानात होते, ते चळवळीने हाती घेतले. वाद्य कोणते, याला आमच्या लेखी महत्त्व नाही. महत्त्व दोन गोष्टींना आहे. एक, त्या गाण्यात श्रम दिसावेत. कोपी दिसावी, फड दिसावा, वसतिगृहाची घंटा ऐकू यावी. दोन, ज्याच्या तोंडून शब्द मिळाले, त्याचे नाव गाण्यासोबत जावे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाने ‘द वारली रिव्हॉल्ट’ हे गाणे केले, तेव्हा आरे वसाहतीतील वारली कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाजही घेतला आणि नावही ठेवले. हे अवघड नाही. इच्छा असावी लागते.

काही जण म्हणतील, आजीला नावाची हौस कोठे होती? तिने कधी मागितले का? हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. ज्या समाजाची नावेच दुसऱ्यांनी ठेवली, मोडून उच्चारली, हजेरीपटावर ‘कोयता एक’ म्हणून लिहिली, त्या समाजातील म्हाताऱ्या बाईने नाव मागितले नाही, यात नवल नाही. तिने मागितले नाही म्हणून आपण देऊ नये, हे मात्र आपल्या शिक्षणाला शोभणारे नाही. ज्या शाळेने आपले नाव हजेरीपटावर पूर्ण लिहिले, आडनावासह आदराने पुकारले, त्या शाळेत आपण वाढलो आहोत.

वेळही फार उरलेला नाही. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायांच्या मनगटांना विसावा मिळाला. त्याबद्दल खंत करणारे आम्ही नव्हे. मुत्तेप्रमाणे आपल्या आजीही दगडातून सुटल्या, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवी म्हणण्याची वेळ गेली. ज्यांनी प्रत्यक्ष दळता दळता ओव्या म्हटल्या, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक हिवाळ्यात त्यांतील काही जणी आपल्यातून जातात, आणि त्यांच्यासोबत एकेका घराची सारी गाणी जातात.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती अशी. येत्या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा आपल्या आईजवळ, आजीजवळ, चुलतीजवळ निवांत बसा. तिची परवानगी घ्या. नको म्हणाली तर आग्रह करू नका. ओवी असो, पाळणा असो, फडात मोळी बांधताना म्हटलेले गाणे असो, जलशातून ऐकून पाठ केलेले कवन असो, मोबाइलवर तिच्या आवाजात घ्या. मध्येच थांबली तर थांबू द्या. जे विसरली ते आपल्या मनाने भरू नका. मग वहीत लिहा : तिचे पूर्ण नाव, माहेर, सासर, तालुका, गाणे कोणाकडून शिकली, काय काम करताना म्हणायची, आणि कोणत्या तारखेला आपण ते ऐकले. संस्थेच्या ग्रंथालयात एक कपाट आणि एक संगणक या कामासाठी राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही व्यवस्थापनाकडे या लेखाद्वारे करीत आहोत. आपल्यातील जे गातात, वाजवितात, बँड काढतात, त्यांनी त्या कपाटाशी यावे आणि हवे ते गाणे करावे. अट एकच : गाणे ज्या म्हातारीचे, तिचे नाव आधी.

आणि ते नाव लिहिताना कृपया ‘अमक्याची आई’ एवढ्यावर थांबू नका. तिला तिचे नाव विचारा. काही जणी लाजतील, काही हसतील, काहींना क्षणभर आठवावे लागेल, कारण कित्येक वर्षांत ते त्यांना कोणी विचारलेले नसते. थांबा, आणि त्या सांगतील तसेच लिहून घ्या.